चार घरांचा नाश्ता

“हा शेवटचा हां. याच्यानंतर मी मागेसुद्धा लागणार नाही. आ कर. हेत, आ!”

हेतने आ केला नाही. त्याने ओठ आत ओढून घेतले, नाक फुगवलं आणि छताच्या पंख्याकडे अशा शांतपणे बघायला लागला की जणू आपलं या प्रकरणाशी काही देणंघेणंच नाही. वय वर्षं चार. समोर त्याची आई धरती मांडी घालून बसली होती. तिच्या हातात मोड आलेल्या मुगांची वाटी होती, वर लिंबू पिळलेलं, आणि चेहऱ्यावर पहाटेपासून जागी असल्याचा शीण. दारात जशुबेन उभी होती. बालमंदिराची मुलं घरोघरून गोळा करून आणणारी ती तेडागर. हेतचं घर सगळ्यात लांब, म्हणून तिचा फेरा इथूनच सुरू व्हायचा आणि रोज या घरात हीच लढाई ऐन रंगात आलेली असायची.

“दोन मूग गेले पोटात,” धरती उठत म्हणाली. “दोन वाट्या नाही हां जशुबेन, दोन मूग. आणि खजुराला हातही लावला नाही.”

“खाईल हो. पोर आहे.”

“पण देवाची कृपा बघा, अंगाला लागतंय त्याच्या. गेल्या महिन्यात वजन केलं तर डॉक्टरबेन म्हणाल्या, वर्गात सगळ्यात छान याचंच वाढलंय. साखर नाही, तळलेलं नाही, बिस्किट तर घरात येऊच देत नाही मी. दोनच मूग, पण सत्त्व किती असेल!”

पेपरामागून तिचा नवरा केयूर खोकला. त्यालाही सकाळी मूगच मिळायचे. ते तो निमूटपणे संपवायचा आणि बँकेत जाताना कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या पापडी खायचा. हे जशुबेनने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानेही जशुबेनने पाहिल्याचं पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो तिला फार मान देऊन बोलायचा.

“चला जशुबा,” म्हणत हेतने तिचं बोट धरलं आणि गल्लीत आल्याबरोबर जो काही चालायला लागला, त्या चालीत दोन मुगांचं बळ नव्हतं. ते पुढच्या घरांचं होतं.

या सगळ्याला सुरुवात झाली होती ती अगदी साध्या रीतीने. पुढचं घर लाभुबांचं. त्यांची नात माही जेवायला-खायला मोठी रेंगाळणारी, त्यामुळे तिचं आटपेपर्यंत जशुबेन आणि हेत उंबऱ्यापाशी थांबायचे. आता भावनगरात कुणाच्या उंबऱ्यावर पोर उभं आहे, आत तव्यावर बाजरीचा रोटला फुगतोय आणि त्या पोराच्या तोंडात काहीच पडलं नाही, असं कसं होईल? लाभुबांनी रोटल्याचा तुकडा मोडला, त्यावर तूप-गूळ घातला आणि हेतच्या हातावर ठेवला. पोराने तो असा खाल्ला की लाभुबांनी गालाला हात लावला.

“अगं जशु, याची आई याला भिजवलेलं धान्य घालते म्हणे. पाखरांना टाकतात तसं! रोज घेऊन येत जा गं याला आधी. पण कुणाला सांगू नकोस हं. तिला वाईट वाटेल.”

पुढे ध्रुविलचं घर. त्याचे वडील दिनुभाई फरसाणवाले. सकाळी तेच पाटावर तळहाताने बेसनाचे गाठिया वळत बसलेले असायचे. त्यांनीही एकदा हेतला चार गाठिया दिले, सोबत तोंडी लावायला पपईचा परतलेला कीस, म्हणजे संभारा, दिला आणि म्हणाले, “जशुबेन, तुमच्या-माझ्यात राहू द्या. फरसाणवाल्याने लोकांची मुलं बिघडवली असं नको व्हायला.” त्याच्या पुढे प्रियांशीचं घर. तिची आई कल्पना लहानपणी स्वतः जशुबेनचं बोट धरून बालमंदिरात गेलेली. तिने गूळ-तुपात केलेल्या सुखडीची वडी पुढे केली आणि बजावलं, “तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलाल तर.”

जशुबेनने तिघांनाही शब्द दिला आणि तो पाळला. सगळी भानगड त्या पाळण्यातच होती. प्रत्येक घराला वाटायचं की या उपाशी लेकराला जगवणारं आपलंच एक घर आहे. त्यामुळे जो तो हात सैल सोडून वाढायचा आणि हेत प्रत्येक ठिकाणी असा खायचा की जणू कालपासून पोटात काही नाही. जशुबेनला कधीकधी वाटायचं, की एखाद्या तरी घरी आपण सांगावं, बास. पण मग ती त्या पोराचं तोंड बघायची. गाठिया खाताना त्याचे कानसुद्धा हलायचे. ते बघून तिची सकाळ उजाडायची, हे खरं. उगाच खोटं कशाला बोलायचं.

शिवाय भीतीही होती. बालमंदिराच्या मुख्य बाई मंजरीबेन यांचा नियम होता की वाटेत मुलाच्या तोंडात काही जाता कामा नये. गेलं, तर तेडागरने दुसऱ्या दिवसापासून घरी बसावं. एका मुलाने वाटेत मिळालेला शेंगदाणा खाण्याऐवजी नाकात घातला होता, तेव्हापासूनचा हा नियम. आणि घरी बसायचं तर जशुबेनने कुठल्या घरी बसावं? नवरा मिठागरात मुकादम होता, तो जाऊन काळ लोटला. मुलगा सुरतेत सातव्या मजल्यावर राहायचा आणि “बा, आता इकडेच ये” म्हणून फोन करायचा. एकदा गेली होती ती. सकाळी दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. चार दिवसांत पाय सुजले तिचे, नुसत्या बसण्याने. परत येऊन हेत-माही-ध्रुविलची बोटं हातात आली तेव्हा कुठे सूज उतरली. हा फेरा गेला तर आपण उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यामुळे एका सकाळी धरतीने फुललेल्या चेहऱ्याने बातमी सांगितली तेव्हा जशुबेन आधी हेतच्या पोटाकडे बघायला लागली.

“शनिवारी पालकांची सभा आहे, मुलांच्या नाश्त्यावर. मंजरीबेननी मला बोलायला सांगितलंय! म्हणाल्या, हेतची प्रगती बघून इतर आयांनाही कळू दे. डॉक्टरबेन पण येणार आहेत. आणि जशुबेन, तुम्ही पुढे बसायचं हां. तुम्ही रोज बघताच की तो काय खातो ते.”

“मी? मी काय, अडाणी बाई,” जशुबेन म्हणाली आणि पायातली चप्पल पुन्हा एकदा पायात घातली.

त्या दिवशी तिने ठरवलं, रस्ताच बदलायचा. लाभुबांच्या घराकडे न वळता ती हेतला घेऊन देवळामागच्या बोळातून निघाली. बाकीची मुलं त्याला बालमंदिरात सोडल्यावर आणू, असा हिशेब. हेत दहा पावलं चालला, थांबला आणि रस्त्याच्या मधोमध बसला.

“हा रस्ता नाही.”

“हा पण रस्ताच आहे, बेटा.”

“या रस्त्याला रोटला नाही!” असा गळा काढला त्याने की देवळातले पुजारी घंटा सोडून बाहेर आले. शेवटी गुपचूप मागे फिरावं लागलं. तोपर्यंत लाभुबा ओट्यावर येऊन उभ्याच होत्या. “कुठे होतीस गं? रोटला निवला ना!”

मग ती घरोघर सांगून बघायला लागली की चार दिवस जरा हात आखडता घ्या. लाभुबा म्हणाल्या, “का, त्याची आई मूग वाढवून द्यायला लागली की काय?” दिनुभाई म्हणाले, “सभेनंतर थांबवू.” कल्पनाने ऐकलं, मान डोलावली आणि त्या दिवशी सुखडीची वडी मोठी कापली. चार दिवस उपाशी राहायचं आहे बिचाऱ्याला, म्हणून.

शनिवारी बालमंदिराच्या पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. मुलं अंगणात वाळूत खेळत होती. धरती मोरपंखी साडी नेसून आली होती आणि बोलायला उभी राहिली ती खरोखर छान बोलली. मूग किती भिजवायचे, नाचणी कशी भाजायची, चवीची सवय कशी लागते, मुलाने तोंड फिरवलं तरी आईने धीर कसा सोडायचा नाही. “मुलं दुसऱ्याच्या घरचं बघून हट्ट करतात,” ती म्हणाली, “पण माझ्या हेतने कधी बाहेरच्या कशाला हात लावला नाही.”

लाभुबांना आपल्या पदराच्या काठात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. दिनुभाई चष्मा पुसायला लागले. कल्पनाने शेजारणीच्या तान्ह्या मुलाला उगाचच मांडीवर घेतलं आणि ते रडायला लागलं म्हणून परत दिलं. जशुबेन पुढच्या रांगेत बसून देवाला सांगत होती की आता वीज जाऊ दे. वीज गेलीसुद्धा, पंखे बंद पडले. पण सभा थांबली नाही.

“वा,” डॉक्टरबेन म्हणाल्या. “पण आपण मोठेच बोलतोय. जरा मुलांनाही विचारू या.” आणि त्यांनी अंगणातून मुलांना बोलावलं.

पहिल्या मुलीने सांगितलं, “चहा आणि टोस्ट.” तिची आई, जी मघाशी चहाविरुद्ध मान हलवत होती, ती भिंतीला टेकली. दुसऱ्याने सांगितलं, “पप्पांनी दिलं ते मम्मीला सांगायचं नाही.” सगळे हसले. मग डॉक्टरबेननी हेतला जवळ घेतलं.

“तू काय खाल्लंस रे सकाळी?”

हेतने विचार केला. मुलगा सरळ होता, विचारलं ते सांगणारा.

“लाभुबांकडे रोटला. मग ध्रुविलकडे गाठिया. मिरची फक्त चाटली. मग प्रियांशीकडे सुखडी. दोन वड्या.”

“आणि घरी?”

“घरी मूग.”

“मूग आवडतात तुला?”

“नाही. पण थोडे खातो. नाहीतर मम्मी रडते.”

यावर कुणीच हसलं नाही. मग मात्र जो गलका उठला त्याला तोड नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यात धरतीची आठवण कुणालाच नव्हती.

“म्हणजे माझ्याकडे येताना हा रोटला खाऊन यायचा?” दिनुभाई.

“आणि माझ्याकडचा खाऊन तुमच्याकडे जायचा!” लाभुबा उठून उभ्याच राहिल्या. “मी म्हणतेय लेकरू उपाशी आहे, आणि हे महाराज गावभर पंगती झोडतायत! जशु, मला कुणाला सांगू नकोस म्हणालीस ना?”

“तुम्ही म्हणालात, लाभुबा.”

“मी म्हणाले म्हणून काय झालं! मला सांगायचंस ना!”

“माझ्या गळ्याची शपथ घातली होती मी,” कल्पना रडवेली झाली. “आणि यांच्याकडे आधीपासूनच चालू होतं!”

धरती अजून उभीच होती. तिने कुणाकडे बघितलं नाही, हेतकडेही नाही. तिने जशुबेनकडे बघितलं. “तुम्ही रोज बरोबर होतात,” ती एवढंच बोलली. त्यात राग असता तर जशुबेनला सोपं गेलं असतं. धरतीने मुलाला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली.

सतरंज्या गुंडाळताना मंजरीबेन जवळ आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. “जशुबेन, नियम तुम्हाला ठाऊक आहे. पण मूल त्यांचं आहे. सोमवारी मी धरतीबेनशी बोलते. त्या म्हणतील तसं.”

रविवार जशुबेनने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. भांडी घासून झाल्यावर तिने तीच भांडी पुन्हा घासली. सुरतेहून मुलाचा फोन आला तेव्हा “तिकडे सकाळी ऊन येतं का रे घरात?” असं तिने विचारलं. मुलगा खूश झाला, त्याला वाटलं आई यायला तयार झाली.

सोमवारी ती हेतच्या दारापाशी आली तेव्हा दार उघडं होतं. आज आतून आवाज नव्हता. धरती पायात चप्पल घालून, हेतचा हात धरून उभी होती.

“आज मी पण येते,” ती म्हणाली. “कुठे कुठे जाता ते बघायचंय मला.”

तिघं निघाली. हेत मधे. गल्ली ओलांडल्यावर धरती समोर बघतच बोलायला लागली.

“माझे पप्पा वडोदऱ्याला पेढीवर बसायचे. शेजारी मिठाईवाला. दिवसभर काही ना काही तोंडात. कुणी नाही म्हणालं नाही, सगळ्यांना कौतुक, काय खातात, काय खातात! मग साखर वाढली. पायाला जखम झाली, ती भरेचना. मी कॉलेजात होते. ड्रेसिंग मीच करायचे. शेवटी पाय काढला, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.” तिने हेतची वर गेलेली बाही नीट केली. “मला गाठियाचं वैर नाही, जशुबेन. मला भीती वाटते. पहाटे उठून मी मूग निवडते ते भीतीनं.”

“मला ठाऊक नव्हतं हो,” जशुबेन म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला नुसती आवड आहे.”

लाभुबा ओट्यावरच होत्या. धरतीला बघून एक क्षण गडबडल्या, मग हनुवटी वर केली. “मी चोरी नाही केली. आलेल्याला दिलं. तू पण आलीस, तुलाही देईन.” आणि खरंच रोटल्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. धरतीने तो खाल्ला. म्हाताऱ्या माणसाच्या हातचं नाही म्हणता येत नाही, तेवढे संस्कार वडोदऱ्यातही असतात. “हेतचा आज कोरा,” लाभुबा म्हणाल्या. “गूळ नाही घातला, बघून घे.”

दिनुभाईंनी त्यांना लांबूनच येताना पाहिलं असावं. “आज गाठिया केलेच नाहीत,” ते दारात आडवे उभे राहून म्हणाले. मागे कढईत तेल चुरचुरत होतं.

“वास येतोय, दिनुभाई.”

“तो कालचा,” दिनुभाई म्हणाले. ध्रुविल तोंडात गाठिया कोंबूनच बाहेर आला आणि बापाची उरलीसुरली लाजही गेली. धरतीला हसू आलं. शनिवारपासून पहिल्यांदा.

कल्पनाकडे मात्र सगळे थांबले. खोलीत चटई घातली होती आणि तिच्यावर छोट्या वाट्या मांडल्या होत्या. वाट्यांत मोड आलेले मूग होते. “शनिवारीच भिजत घातले,” कल्पना खाली बघत म्हणाली. “तुम्ही सभेत सांगितलं तसे. जमलेत की नाही माहीत नाही.”

मुलं ओळीने बसली. प्रियांशीने वाटीत बघितलं आणि तोंड वाकडं केलं. माहीने तिचं बघून केलं. हेतने मात्र चमचा उचलला. “असं नाही बघत बसायचं,” तो मोठ्या माणसासारखा म्हणाला, “असे खायचे,” आणि चमचाभर मूग तोंडात टाकून कचाकचा चावायला लागला. “आमच्याकडे याच्यात लिंबू असतं. माझी मम्मी करते ना, ती लिंबू घालते. तुमचे जरा फिके आहेत.” मग ध्रुविलने खाल्ले. मग माहीने. प्रियांशी मागे कशी राहील? हेतने वाटी संपवली आणि तळाशी बोट फिरवलं. त्याचे कानही हलत होते.

धरती दाराच्या चौकटीआड उभी होती, त्याला दिसणार नाही अशी. पदर तोंडाशी धरून ती बघत होती. आपल्या पोराला पोटभर खाताना तिने कधी पाहिलंच नव्हतं, हे जशुबेनच्या तेव्हा लक्षात आलं. ते सुख इतके दिवस रोज आपण एकटीने घेत होतो, ज्या बाईचं ते होतं तिला न विचारता. नोकरीची भीती तिला दोन दिवस वाटतच होती. पण लाज वाटली ती आत्ता.

“जा, जवळ बसा त्याच्या,” ती हळूच म्हणाली.

“नको,” धरतीने मान हलवली. “मी गेले की थांबेल तो.”

मंजरीबेनना धरतीने काय सांगितलं ते जशुबेनला कळलं नाही. दुपारी त्या एवढंच बोलल्या, “उद्यापासून फेरा उलटा करायचा म्हणे तुम्हाला. धरतीबेनचं घर शेवटी. सगळी मुलं घेऊन तिथं जायचं आणि मग परत यायचं. जमेल का? वाट दुप्पट होईल, गुडघे आहेत तुमचे.”

“होऊ दे दुप्पट,” जशुबेन म्हणाली. गुडघ्यांना काय, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पोरांची वरात घेऊन ती धरतीच्या दारात पोचली. चटई घातलेली होती. हेत आधीच मधल्या जागेवर बसून शेजारच्या जागा हाताने अडवून वाट बघत होता. मुलं बसली, वाट्या आल्या. धरतीने वाढलं आणि लगेच पाठ फिरवून ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. तिने नळ सोडला, एक कोरडं भांडं विसळलं, नळ बंद केला. मुलांकडे पाठ करून, ताठ मानेने, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मागे चमचे वाजत होते. ध्रुविल काहीतरी सांगत होता आणि माही हसत होती.

“जशुबेन,” धरती भिंतीकडे बघतच पुटपुटली, “खातोय का तो?”

जशुबेन उंबऱ्यावर टेकली होती. तिने हेतकडे पाहिलं, मग त्या ताठ उभ्या पाठीकडे पाहिलं.

“खातोय,” ती म्हणाली. “वळू नकोस हं पोरी. मी सांगते तुला. आता डावा गाल भरलाय. आता चावतोय. आता प्रियांशीच्या वाटीत डोकावतोय...”

धरती तशीच उभी राहून ऐकत होती.